झोपेतून उठवलेल्या कार्बनची कैफियत

मित्रांनो, आधी मला जरा सावरू द्या. मी कार्बनचा एक जुना अणू आहे. हजारो वर्षांच्या गाढ झोपेतून मला अशा रीतीने उठवलं गेलं की अजून माझं मन थाऱ्यावर आलेलं नाही. एरवी मी शांत स्वभावाचा. आदळआपट आमच्या घराण्यात नाही. पण जे माझ्या डोळ्यांदेखत घडलं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्ही लहान आहात, बसून ऐकाल. मोठ्यांना वेळ नसतो.

कार्बन कोण, असं विचारू नका. तुमच्या पेन्सिलीचं टोक म्हणजे आम्हीच. शेगडीतला कोळसा आम्ही, कढईच्या बुडाची काजळी आम्ही. आता तुम्ही नाक मुरडाल, की म्हणजे तुम्ही काळे आणि मळके. थांबा. भात, डाळ, दूध, तूप, कापूस, लाकूड, गुलाबाची पाकळी, मुंगीचा पाय आणि तुमच्या आईचे केस, हे सगळं आमच्याच आधाराने उभं आहे. तुमच्या अंगातून सगळा कार्बन काढून घेतला, तर बादलीभर पाणी आणि मूठभर क्षार उरतील. त्या पाण्याला कुणी लाडाने हाक मारणार नाही.

आमच्यात असं काय आहे? आम्हाला चार हात आहेत. हायड्रोजनला बिचाऱ्याला एकच हात. त्याने कुणाचा हात धरला की त्याचं काम संपलं. ऑक्सिजनला दोन. आम्ही मात्र एका बाजूने एका भावंडाला धरतो, दुसऱ्या बाजूने दुसऱ्याला, आणि तरीही दोन हात मोकळे राहतात. त्यांत आणखी कुणाकुणाला सामावून घेतो. अशी आमची साखळी हवी तेवढी लांबते, वळते, फांद्या फोडते, गोल होऊन स्वतःलाच जोडली जाते. वाळूतल्या सिलिकॉनलाही चार हात आहेत, पण तो एकदा ऑक्सिजनला धरून बसला की दगड होऊन बसतो, सोडायचं नावच घेत नाही. आम्ही घट्ट धरतो आणि वेळ आली की सोडतोही. म्हणून तर काल जो भात होता, तो आज तुमचा गाल होतो. जगणं म्हणजे हेच धरणं आणि सोडणं आहे, मित्रांनो. ते दगडाला जमत नाही.

माझा जन्म एका ताऱ्याच्या पोटात झाला. तिथल्या उष्णतेबद्दल मी बोलत नाही, कारण मला ती आठवत नाही. पृथ्वीवर आल्यावर मी कधी दगडात होतो, कधी ज्वालामुखीतून बाहेर पडलो, आणि बराच काळ हवेत हिंडलो. हवेतही आमचं काम असतं. सूर्याची ऊब पृथ्वीवरून लगेच निसटू नये म्हणून आम्ही तिच्याभोवती पातळ पांघरुणासारखे असतो. आम्ही मुळीच नसतो तर समुद्र गोठले असते. पण पांघरूण पातळच हवं. फार झालो तर आमच्याखाली जीव उकडून निघतो. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मला बोलण्याचं भान राहील की नाही, याची खात्री नाही.

तर एका सकाळी बोर्नियो बेटावर, चहाच्या रंगाच्या पाण्याच्या एका नदीकाठी, एका उंच झाडाच्या पानाने मला हवेतून ओढून घेतलं. उन्हाच्या बळावर त्याने माझी साखर केली. साखरेचं लाकूड केलं. मी त्या झाडाच्या खोडात कित्येक वर्षं ताठ उभा होतो. माझ्या अंगावरून लांब नाकाची माकडं उड्या मारत गेली. मग एका वादळात ते झाड दलदलीत आडवं झालं.

कोरड्या जमिनीवर पडलं असतं तर बुरशीने, किड्यांनी आम्हाला खाऊन पुन्हा हवेत सोडलं असतं. पण इथे पाणी होतं. काळं, आंबट, स्तब्ध पाणी. त्यात हवा शिरत नव्हती, आणि हवेशिवाय किडे-जंतूंना जेवण जात नाही. आम्ही ना कुजलो, ना जिवंत राहिलो. आमच्यावर दुसरं झाड पडलं, त्यावर तिसरं. पानं, मुळं, फांद्या. एका माणसाच्या आयुष्यात जेमतेम चार बोटं थर चढायचा. असे चढत चढत ते पुरुषभर झाले, काही ठिकाणी ताडाएवढे. तिथले लोक या ओल्या काळ्या थराला गांबुट म्हणतात. पाहणाऱ्याला ती माती वाटते, पण ती माती नव्हेच. ती हजारो वर्षांची झाडं आहेत, पाण्याखाली झोपलेली.

अशा झोपेसारखं सुख नाही. माझा एक हात शेजारच्या भावंडाच्या हातात होता. ते आणि मी एकाच पानातून आलो होतो. बाकी काही करायचं नव्हतं. पृथ्वीवर राज्यं आली, गेली, असं पुढे ऐकलं. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

दलदलीच्या कडेला न्गाजू लोकांचं एक छोटं गाव होतं, तुंबांग रावाय नावाचं. खांबांवरची घरं, मागे रबराची झाडं, पुढे नदी. त्यांतल्या शेवटच्या घरात डेहेन, त्याची बायको कामेलो आणि कामेलोचे म्हातारे वडील सावांग राहायचे. डेहेन-कामेलोला तीन वर्षांची एक मुलगी होती. ती इतकी बडबडायची, की तिचं नाव तियुंग, म्हणजे साळुंकी, असं पडलं होतं. तिथल्या रीतीप्रमाणे मूल झाल्यावर आईबापांची स्वतःची नावं मागे पडली. गाव त्यांना तियुंगचा बाप आणि तियुंगची आई म्हणायचं, आणि म्हाताऱ्या सावांगना सगळेच बुए म्हणायचे, म्हणजे आजोबा. जावईसुद्धा.

या लोकांची मासे धरायची एक खास पद्धत आहे. पुराच्या दिवसांत नदी दलदलीत पसरते आणि तिच्याबरोबर मासेही येतात. त्यांच्यासाठी हे लोक दलदलीत लांबट तळी खणून ठेवतात. त्यांना बेजे म्हणतात. पूर ओसरला की मासे बेजेत अडकतात. मग कोरड्या दिवसांत अख्खं कुटुंब तिथे जातं. भोवती माजलेलं गवत आणि काटेरी वेत पेटवून जागा मोकळी करतं, पाणी उपसतं आणि मरळ, मागूर टोपल्यांनी घरी नेतं. उरलेले मासे भाजलेल्या तांदळाच्या पिठात मुरवून ठेवतं. बुए सावांगच्या वडिलांनी खणलेलं बेजे माझ्या अगदी उशाशी होतं. त्यामुळे या घरातली भांडणं, थट्टा आणि उखाळ्यापाखाळ्या मला झोपेतही ऐकू यायच्या.

दरवर्षी गवत पेटायचं आणि आग आमच्या डोक्यावरून निघून जायची. आम्हाला थोडी ऊब लागायची, एवढंच. खाली गळ्यापर्यंत पाणी होतं. गवत संपलं की आग पाण्याला टेकायची आणि विझायची. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं आणि त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं.

मग बुए सावांगनी आपल्या जावयासाठी एक होडी घडवली. एकाच मोठ्या खोडाची, वर फळ्या चढवलेली, मागे इंजिन. डेहेनचा तिच्यावर इतका जीव, की कामेलो म्हणायची, याला जेवायला वाढलं तरी आधी होडीला विचारून येईल. पण बेजेपर्यंत होडी जात नव्हती. नदीपासून दलदलीतून चिखल तुडवत जावं लागायचं आणि ओझं पाठीवर आणावं लागायचं. डेहेनच्या डोक्यात आलं, की बेजेपासून नदीपर्यंत एक सरळ चर खणावा. होडी थेट आत जाईल. मासेही पुराची वाट न बघता येतील.

त्याने गावाला सांगितलं आणि गाव सावडीने आलं. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, अशी तिथली रीत आहे. डुकराचं मटण शिजलं, भाताची दारू आली. बुए सावांगनी आधी चेष्टा केली, की जावई, मासे काय पत्ता विचारत येणार आहेत का, आणि मग सगळ्यांत जास्त फावडं त्यांनीच चालवलं. कुणाच्याही मनात शंका आली नाही. खाली झोपलेल्या आम्हाला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी आम्ही झोपेत हो म्हटलं असतं.

तुमची समजूत असेल, की दलदल म्हणजे खोलगट खड्डा. आमची तशी नव्हती. ती मध्ये फुगलेली आणि काठाशी उतरती होती. तिने आपल्या पोटात पाणी धरून ठेवलं होतं. ते वाहून जात नव्हतं, कारण त्याला वाट नव्हती. ती वाट आता मिळाली. शेवटचं ढेकूळ निघालं आणि काळं पाणी खळाळत नदीकडे धावलं. काठावरचे लोक टाळ्या वाजवत होते.

त्या वर्षी मासे खरंच खूप आले. डेहेनची वाहवा झाली. दुसऱ्या गावचे लोक चर बघायला येऊ लागले. तियुंग होडीच्या टोकाला बसून बेजेपर्यंत जायची आणि वाटेतल्या प्रत्येक झाडाशी गप्पा मारायची.

आणि खाली माझ्या अंगावरून पाणी उतरत होतं. आधी वाटलं, स्वप्न असेल. मग माझ्या पाठीला काहीतरी हलकं, गार लागलं. ती हवा होती. माझ्या झाडाच्या मरणानंतर पहिल्यांदा मला हवा लागली, आणि मी दचकून जागा झालो.

हवेबरोबर ऑक्सिजन आला. त्याला मी वाईट म्हणणार नाही. त्याच्यावाचून तुमचं क्षणभर चालत नाही. पण तो हावरा आहे. कोरडा, उघडा कार्बन दिसला, की त्याला धरून ओढत न्यायचं, हा त्याचा धर्म. त्याच्या मागोमाग जंतू आले आणि ज्यांना इतक्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता, त्या माझ्या भावंडांना खाऊ लागले. एके दिवशी माझ्या शेजारचं ते भावंड, माझ्याच पानातलं, काही न बोलता निघून गेलं. इतकी वर्षं ज्या हातात हात होता, तो हात रिकामा झाला. मित्रांनो, मी नुसता बघत राहिलो. ओरडावं हे सुचलंसुद्धा नाही.

आम्ही जात होतो तशी जमीन खचत होती. घराचे खांब उंच झाल्यासारखे दिसू लागले. रबराच्या झाडांची मुळं वर दिसायला लागली. लोकांनी पाहिलं, आणि घराच्या जिन्याला एक पायरी वाढवली.

मग पावसाने दडी मारलेलं वर्ष आलं. बेजेतलं पाणी तळाला गेलं. नेहमीचे दिवस आले तशी डेहेनने भोवतीच्या गवताला काडी लावली. त्याच्या बापाने लावली होती तशीच, त्याच वाऱ्याला पाठ देऊन. गवत जळलं, वेत जळले. पण आग विझली नाही. ती फक्त दिसेनाशी झाली.

तिला टेकायला पाणी सापडलं नव्हतं. ती आमच्यात उतरली.

जमिनीखालची आग तुम्ही पाहिलेली नसेल. तिला ज्वाळा नसतात. ती सावकाश सरकते आणि जाताना आतून सगळं पोखरते. वर मात्र नुसता पांढरा धूर. पहिल्या दिवशी बुए सावांगनी जागोजागच्या भेगांतून येणारा धूर बघितला आणि म्हणाले, "घ्या, जमिनीला विडीचं व्यसन लागलं." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी कामेलोच्या रबराच्या बागेतलं एक झाड, हिरव्यागार पानांसकट, वारा नसताना आडवं झालं. त्याची मुळं खालून जळून गेली होती. त्यानंतर कुणी हसलं नाही.

बादल्या आल्या. ओतलेलं पाणी जमीन पिऊन टाकायची आणि थोड्या अंतरावर दुसरीकडून धूर काढायची. डेहेनचा एक पाय वरच्या पापुद्र्यातून खाली गेला आणि पोटरीपर्यंत भाजला. धूर इतका दाट झाला, की दुपारी समोरचा काठ दिसेना. आग घराच्या दिशेने सरकत होती, पण घराआधी धूर घरात पोचला होता.

तियुंगची बडबड थांबली. आधी खोकला, मग ताप, मग धाप. छातीचा भाता वरखाली व्हायचा आणि प्रत्येक श्वासाला गळ्याशी खड्डा पडायचा. खालच्या गावच्या दवाखान्यातल्या परिचारिकेने औषध दिलं आणि सांगितलं, हिला धुरातून बाहेर काढा. कुठे काढायचं? ती स्वतःच तोंडाला ओला पंचा बांधून बोलत होती. शहरातही तोच धूर होता. सगळीकडे कुठल्या ना कुठल्या चरामुळे सुकलेलं गांबुट जळत होतं.

डेहेन बादल्या वाहत राहिला. कामेलोच्या मनात मात्र एक गोष्ट सलत होती. आग तर दरवर्षी लावतो. मग याच वर्षी असं का? तिच्या काकाचं बेजे पलीकडे, दलदलीत खूप आत होतं. तिथेही त्याच सुमारास गवत पेटवलं होतं. पोरीला बुएंच्या मांडीवर देऊन ती एकटी तिकडे गेली आणि परत आली तेव्हा तिच्या लुंगीच्या टोकाला तिथला चिखल बांधलेला होता. तिने डेहेनला चराच्या काठावर गाठलं आणि त्यातला गोळा त्याच्या हातावर ठेवला.

"पिळ," ती म्हणाली.

त्याने पिळला. बोटांतून काळं पाणी गळलं. मग तिने वाकून पायाखालचं गांबुट उचललं आणि दुसऱ्या हातावर ठेवलं. ते पिळायला गेला तर त्याचा भुगा झाला आणि धुरात उडून गेला.

"काकाकडे आग केव्हाच विझली," कामेलो म्हणाली. "काडी त्यानेही लावली, आपणही लावली. त्याच्याकडे चर नाही."

डेहेनने हातातला ओला गोळा खाली ठेवला. मग म्हणाला, की चर अख्ख्या गावाने सावडीने खणलाय. ज्यांनी माझ्यासाठी घाम गाळला, त्यांना आता काय तोंडाने सांगू, की बुजवा?

"गावाला मी सांगते," ती म्हणाली. "तियुंगच्या बापा, तू घरी जा आणि पोरीच्या फासळ्या बघ. मग कोणाला काय तोंड दाखवायचं ते ठरव."

तो गेला. आणि मी तिथेच, त्या काठाच्या आत, हे ऐकत होतो तोवर आग माझ्यापाशी पोचली.

मला सांगता येत नाही, मित्रांनो. ताऱ्याच्या पोटातून आलेला मी, पण इतकी वर्षं गार ओलाव्यात काढल्यावर त्या धगीने माझी दातखीळ बसली. माझे हात एकेक करून सुटले. दोन ऑक्सिजननी मला दोन्हीकडून पकडलं आणि एका भेगेतून वर फेकलं. ज्या थरात मी झोपलो होतो, तो थर खाली पोकळ झाला होता. आम्ही एकत्र यायला हजारो वर्षं लागली होती. मोकळे व्हायला एक श्वासही लागला नाही.

बाहेर सगळीकडे आमचीच गर्दी. माझ्यासारखे पुरते जळलेले दिसतही नाहीत. अर्धवट जळलेली भावंडं काजळीचे बारीक कण होऊन तरंगत होती. आम्ही सगळे मिळून वाहत डेहेनच्या घरात शिरलो. बुए पंख्याने वारा घालत होते आणि त्या वाऱ्याबरोबर मी तियुंगच्या नाकातून आत गेलो.

आत काय होतं, सांगू? आत आम्हीच होतो. तिच्या श्वासनळीची भिंत, तिचं रक्त, फासळ्यांवरचं कोवळं मांस, सगळं कार्बनच्या साखळ्यांनी विणलेलं. आईच्या दुधातून, भातातून, बेजेतल्या मरळीतून एकेक जण आत आला होता आणि दुसऱ्याचा हात धरून उभा राहिला होता. थोड्याच वर्षांत त्यांनी एक बोलकं पोर बांधलं होतं. आणि आता आमचीच काजळी होऊन आलेली भावंडं त्या भिंतींवर चिकटत होती, वाटा बुजवत होती, आणि तिला हवा पुरत नव्हती. आम्ही बांधलेलं घर आम्हीच बंद करत होतो. मला माझीच शिसारी आली. मी कुणाला थांबवू शकत नव्हतो. जळून आलेल्याला स्वतःची मर्जी राहत नाही.

तिला जोराची ढास लागली आणि मी बाहेर फेकला गेलो. दारात डेहेन उभा होता. तो तिच्याकडे बघत होता. त्याने तिला हात लावला नाही. वळला आणि भाजलेल्या पायाने लंगडत नदीकडे गेला.

आमच्या नदीला खालून समुद्राची भरती चढते. भरतीला पाणी वर येऊन चरात शिरतं आणि ओहोटीला दलदलीतलं आणखी थोडं पाणी घेऊन परत जातं. डेहेनने होडी चराच्या तोंडाशी आडवी लावली होती. तिच्यात काठावरचा चिकट चिखल तो फावड्याने भरत होता. मी त्याच्या डोक्यावरच्या धुरात होतो. बुए सावांग पोरीला कामेलोकडे देऊन मागोमाग आले आणि आपण घडवलेल्या होडीकडे बघत उभे राहिले. एकाच खोडातून ती कोरायला त्यांनी दोन कुऱ्हाडी झिजवल्या होत्या.

"बुए, मी ही बुडवतोय," डेहेन मान खाली घालून म्हणाला.

म्हाताऱ्याने विचारलं, "इंजिन काढलंस?"

"काढलं."

"मग थांबलायस कशाला?" असं म्हणून बुएंनी पाण्यात उतरून कुऱ्हाड उचलली आणि होडीच्या तळाला स्वतःच भोक पाडलं.

होडी सावकाश बसली. तोवर कामेलोने सांगितलेलं गावभर झालं होतं. डेहेनला वाटलं होतं, लोक बोल लावतील. लोक बांबू, दोर आणि फावडी घेऊन आले. ज्यांनी चर खणला होता तेच आता होडीच्या दोन्ही बाजूंना खांब ठोकत होते, चिखल दाबत होते. एकाने एवढंच म्हटलं, की जेवण मात्र पुन्हा द्यावं लागेल हं. भरतीचं पाणी बुडालेल्या होडीवरून चरात आलं. ओहोटीला ते मागे फिरलं आणि होडीला अडलं. त्याला जायला वाट नव्हती. पुढच्या भरतीला आणखी आलं. चर काठोकाठ भरला आणि दोन्हीकडच्या कोरड्या गांबुटात झिरपायला लागला. जमिनीतून चुर्र असा आवाज येत राहिला, कितीतरी वेळ.

आग घराच्या पहिल्या खांबापासून थोड्या अंतरावर थांबली. पलीकडच्या रानात ती पाऊस येईपर्यंत धुमसत होती. कामेलोची रबराची बाग गेली. चराकाठची जमीन गुडघाभर खचली, ती काही पुन्हा वर येणार नाही. आणि चरापाशी झोपलेली माझी असंख्य भावंडं माझ्याबरोबर हवेत आली आहेत.

मी आता तिथेच आहे, तुमच्या डोक्यावर, त्या पांघरुणात. ते किती जाड झालंय, हे मी आतून बघतोय आणि मला घाम फुटतो. एखादं पान मला पुन्हा ओढून घेईलही. पण पान गळतं, कुजतं, आणि मी परत हवेत. खालच्या त्या ओल्या थरात पुन्हा जागा मिळायला किती पिढ्या जातील, कोण जाणे. मित्रांनो, आम्ही तुमचे वैरी नाही. तुम्ही आमचेच बनलेले आहात. हवेत थोडे, झाडांत पुष्कळ, आणि उरलेले पाण्याखाली आणि जमिनीखाली निजलेले, असं आमचं वाटप ठीक चाललं होतं. कुणी जमीन सुकवून नवं काही करायला निघालं, तर एकदा विचारा, खाली कोण झोपलंय. तुम्ही लहान आहात, तुम्हाला विचारायला लाज वाटणार नाही.

तियुंगची छाती पाऊस आल्यावरही बरेच दिवस वाजत होती. मग एका सकाळी ती उठून पायऱ्यांवर येऊन बसली. पाय हलवत तिने नदीकडे बघितलं, चराकडे बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं.

"आपली होडी कुठंय?"

डेहेन खालच्या पायरीवर जाळं विणत होता. त्याने मान वर केली नाही.

"पाण्याखाली झोपलीय."

"कधी उठणार?"

"नाही उठणार," तो म्हणाला. "आणि तू तिला कधी उठवायचं नाहीस. ती झोपलीय म्हणून तू बोलतेयस."